ठमीचा अपराधी चेहरा

कोल्हापुरी चपलेचा अंगठा सोफ्याखाली, तळव्याचा चघळून मऊ झालेला तुकडा बाल्कनीच्या उंबऱ्याशी आणि या दोन पुराव्यांच्या मधोमध, भिंतीला पाठ लावून, कान मागे पाडून, शेपूट पोटाखाली घेऊन बसलेली आमची कुत्री, ठमी. साडेतीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यातल्या एका संध्याकाळी मी कार्यालयातून परतून दार उघडले, तेव्हा हे दृश्य समोर होते. मी तोंड उघडण्यापूर्वीच तिने मान वळवली, जिभेने ओठ चाटले आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातला पांढरा भाग दाखवत माझ्याकडे तिरपे पाहिले. मी तोंड उघडण्यापूर्वी हे खरे, पण माझी नजर चपलेवर गेल्यानंतर. हा क्रम त्या वेळी माझ्या लक्षात आला नव्हता. माझ्या मागोमाग भजनी मंडळाहून परतलेली आई म्हणाली, "बघ, कळतंय हो तिला सगळं. लहानपणी साय चोरून खाल्लीस की तूही अस्साच भिंतीला टेकून उभा राहायचास."

मी तिला रागावलो. चपलेचा तुकडा तिच्या नाकासमोर धरून, बोट नाचवून, चांगली दोन मिनिटे रागावलो. ती आणखी आक्रसली, आणि 'हिला पश्चात्ताप झाला' असे मानून आम्ही सगळे चहाला बसलो.

ठमी आमच्याकडे आली ती नोव्हेंबरात. विलेपार्ले पूर्वेला आमच्या इमारतीच्या फाटकाजवळ एक रिक्षा बंद पडून उभी होती, तिच्याखाली सहा आठवड्यांचे हे पिल्लू कुडकुडत होते. मुलगी, सई, ते ओढणीत गुंडाळून वर घेऊन आली. आईचे देवघर, सोवळे, पत्नीचा दमा अशा सगळ्या हरकती रीतसर नोंदवल्या गेल्या आणि पंधरा दिवसांत निकालात निघाल्या. (दमा धुळीचा निघाला.) कुत्रे पाळण्याचा पूर्वानुभव घरात कोणालाही नव्हता. आम्हाला माणसांचे चेहरे वाचण्याची सवय होती, तेव्हा तेच व्याकरण आम्ही ठमीला लावले.

अलेक्झांड्रा होरोविट्झ या न्यूयॉर्कमधील बार्नार्ड कॉलेजात कुत्र्यांच्या आकलनाचा अभ्यास करणाऱ्या संशोधिका आहेत. त्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी चपलेच्या प्रकरणानंतर काही आठवड्यांनी वाचला आणि ते वाचताना मला स्वतःचीच लाज वाटली. प्रयोग अगदी घरगुती होता. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, 'खायचा नाही' असे बजावायचे आणि खोलीबाहेर जायचे. त्याच्या पाठीमागे कधी कुत्र्याला तो खाऊ देण्यात येई, तर कधी तो नुसताच उचलून घेतला जाई. मालक परतला की त्याला कुत्रा काय वागला ते सांगितले जाई, पण ते सांगणे कधी खरे असे, कधी खोटे. म्हणजे काही कुत्र्यांनी काहीच न करता बोलणी खाल्ली आणि काहींनी खाऊ फस्त करूनही शाबासकी मिळवली. आता, 'अपराधी चेहरा' जर खरोखर अपराधाचा असेल, तर तो खाऊ खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये अधिक दिसायला हवा होता. तसा तो दिसला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसे, कुत्र्याने काही केलेले असो वा नसो. त्यातही आज्ञा पाळलेल्या कुत्र्यावर मालक रागावला, तेव्हा तो चेहरा अधिकच ठळक झाला.

कुत्र्याला अपराधाची भावना असते की नसते, याचा निवाडा हा प्रयोग करत नाही, तसा दावाही त्यात नाही. तो एवढेच सांगतो की ज्याला आपण कबुलीजबाब समजतो ते कुत्र्याने आपल्याला दिलेले उत्तर असते. मान वळवणे, ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, एक पंजा किंचित उचलणे, अंग लहान करणे ही सगळी ताणाची आणि समोरच्याला शांत करण्याची चिन्हे आहेत. 'तू चिडला आहेस, मला भांडायचे नाही' असा त्यांचा ढोबळ अर्थ घेता येईल. चप्पल तीन तासांपूर्वी चावलेली होती. नाकासमोरच्या तुकड्याचा आणि माझ्या आवाजाचा संबंध ठमीने कसा लावला असेल कोण जाणे. बहुधा एवढाच की संध्याकाळी हा माणूस दारातून आत येतो तेव्हा कधी कधी भयंकर असतो.

हे कळायला मला उशीर झाला आणि मधल्या काळात आम्ही आणखी एक चूक केली. ठमीला शिस्त लागावी म्हणून एका प्रशिक्षकाला बोलावले. त्याने साखळीचा फास असलेला पट्टा आणला, ज्याला ते लोक चोक चेन म्हणतात. घरात 'बॉस कोण' हे कुत्र्याला कळले पाहिजे, असे त्याचे तत्त्वज्ञान होते. दारातून आधी आपण बाहेर पडायचे, जेवण आधी आपण करायचे, कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहायचे आणि त्याने गुरगुर केली तर उताणे पाडून धरून ठेवायचे. तिसऱ्या दिवसापासून त्याची बेल वाजली की ठमी पॅसेजमध्ये लघवी करू लागली. चार दिवसांनी मी त्याला बंद केले, त्याचे पैसे मात्र महिन्याचे गेले.

या 'बॉस'गिरीचा उगम कुठे आहे, हे नंतर शोधले. रुडॉल्फ शेन्केल या स्विस संशोधकाने १९४७ मध्ये प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. ठिकठिकाणांहून आणून एका आवारात ठेवलेले ते लांडगे वर्चस्वासाठी झगडत. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकी अभ्यासकाच्या १९७० च्या पुस्तकामुळे 'अल्फा' लांडग्याची कल्पना घरोघरी पोचली. त्याच मेक यांनी मोकळ्या रानातल्या लांडग्यांचा पुढे अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९९९ मध्ये लिहिले की नैसर्गिक कळप हे बहुतेक वेळा एक कुटुंब असते. आई, बाप आणि त्यांची पिल्ले. त्यात आईबाप पुढाकार घेतात तो आईबाप म्हणून, कुस्ती जिंकल्यामुळे नव्हे. आपले जुने पुस्तक छापणे थांबवावे, यासाठीही त्यांनी प्रकाशकाकडे आग्रह धरला. स्वतःचीच कल्पना मोडीत काढणारा असा अभ्यासक विरळा, पण ती बातमी पार्ल्याच्या प्रशिक्षकांपर्यंत पोचायला अजून वेळ आहे. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे, तो हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने राहिला आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये सापडलेल्या, सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात दोन माणसांबरोबर कुत्र्याच्या पिल्लाची हाडे आहेत. पिल्लाच्या दातांवरून त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार झाला होता आणि कोणीतरी त्याची शुश्रूषा केल्याशिवाय ते त्या आजारात काही आठवडे जगले नसते, असा निष्कर्ष २०१८ मध्ये मांडला गेला.

त्या चार दिवसांचे खरे नुकसान लघवीचे नव्हते. ठमीने गुरगुरणे सोडले. आम्हाला वाटले, सुधारली. मग एका सकाळी इस्त्रीवाल्याने कपड्यांचे गाठोडे तिच्या अंगावरून पलीकडे ठेवले आणि तिने सूचना न देता थेट गाठोड्याला दात लावले. हात वाचला, सईचा कुर्ता गेला. गुरगुर ही कुत्र्याची इशाऱ्याची घंटा आहे. ती वाजवल्याबद्दल मार बसला की घंटा बंद होते, भीती तशीच राहते. आज ठमी कधी गुरगुरली तर मी मागे सरतो आणि मनातल्या मनात तिचे आभार मानतो. ती चोक चेन स्क्रू-खिळ्यांच्या खणात पडून आहे. कधीतरी कुंडी टांगायला उपयोगी पडेल.

जूनमध्ये आणखी एक कोडे पुढे आले. पहिला पाऊस पडला आणि ठमीने खाली उतरायला नकार दिला. पाण्याला ती घाबरत नव्हती, बाल्कनीतल्या सरी ती अंगावर घेत होती. भीती होती ती उघडलेल्या काळ्या छत्रीची. मुंबईच्या पावसाळ्यात छत्रीला घाबरणारे कुत्रे म्हणजे लोकलला घाबरणारा चाकरमानी! आईने लगेच तर्क केला की लहानपणी कोणीतरी हिला छत्रीने मारले असणार, आणि आम्ही सर्वांनी त्या अज्ञात दुष्टाला शिव्या दिल्या. पण थोडा हिशेब केला तर वेगळेच दिसते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बर येथे अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास करून १९६५ मध्ये दाखवून दिले, की पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जगाची ओळख करून घेते. त्या काळात सहज भेटलेली माणसे, आवाज, वस्तू त्याला पुढे आपल्या वाटतात आणि न भेटलेल्यांविषयी संशय राहतो. ठमीचा जन्म ऑक्टोबरातला. तिच्या त्या आठवड्यांत पार्ल्यात कोणी छत्री उघडलीच नव्हती. मारणारा कोणी असेलच असे नाही. फटाफट उघडणारा काळा राक्षस तिने आठव्या महिन्यात प्रथम पाहिला, एवढे कारण पुरेसे होते.

उपाय पावलोव्हच्या घरातला होता, म्हणजे घंटेनंतर खाऊ मिळतो हे कळले की कुत्र्याला नुसत्या घंटेनेही लाळ सुटते, हे दाखवणाऱ्या रशियन शास्त्रज्ञाच्या. (पावलोव्हला १९०४ चे नोबेल मिळाले ते पचनक्रियेच्या संशोधनासाठी. घंटा आणि लाळ यांच्यासाठी मिळाले, असे मला शाळेपासून वाटत आले होते.) मिटलेली छत्री हॉलच्या कोपऱ्यात आडवी ठेवायची आणि ठमीने तिच्याकडे नुसते पाहिले तरी उकडलेल्या अंड्याचा शेंगदाण्याएवढा तुकडा तिच्यापुढे टाकायचा. दोन दिवसांनी छत्री उभी. मग बोटभर उघडलेली. मग अर्धी. ती मागे सरली की आम्हीही एक पायरी मागे जायचे. घाई करायची नाही आणि छत्री तिच्याजवळ न्यायची नाही, जायचे तर तिने जायचे. आमच्या घरात अंडे तोवर शिजले नव्हते, त्यामुळे आईने त्यासाठी वेगळे पातेले नेमून दिले आणि आजही त्याला 'छत्रीचे पातेले' म्हणतात. एकोणिसाव्या दिवशी ठमी उघड्या छत्रीखाली जाऊन बसली आणि अंड्याची वाट पाहू लागली.

आपण कुत्र्याच्या मनात काहीबाही वाचतो, हे एरवी हसण्यावारी नेता येते. एकदा मात्र ते महागात पडले असते. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत सई शिकायला पुण्याला वसतिगृहात गेली. दुसऱ्या दिवसापासून ठमी जेवेना. सईच्या पलंगाखाली तोंड खुपसून पडून राहिली. पत्नीने तिचा फोटो काढून सईला पाठवला, तिकडे सई रडली, इकडे आई रडली आणि 'मुक्या जनावराची माया' या विषयावर नातेवाइकांमध्ये बराच संदेशव्यवहार झाला. तिसऱ्या दिवशी पत्नी तिचे तोंड कुरवाळत असताना ओठ वर सरकला आणि एरवी गुलाबी असणारी हिरडी तिला शाडूच्या मातीसारखी फिकी दिसली. आम्ही रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेले. ताप १०४ होता. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसाच्या हाताला ते नेहमीच कोमट लागते आणि ताप हाताने कळत नाही. डाव्या कानाच्या आतल्या घडीत राजगिऱ्याच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंत सर्व मापांच्या गोचिडी होत्या. रक्तातल्या प्लेटलेट्स घसरल्या होत्या. एर्लिकिया नावाचा जिवाणू, म्हणजेच गोचीड ताप.

डॉक्टरांनी विचारले, "केव्हापासून जेवत नाही?" मी सांगितले, "मुलगी पुण्याला गेल्यापासून." त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "कुत्रा रुसलाय असं वाटलं ना, की आधी थर्मामीटर लावायचा. रुसवा नंतर काढू."

डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस चालल्या. ठमी चौथ्या दिवशी उठून फिरू लागली, तरी गोळ्या पुऱ्या केल्या. कुत्र्याच्या अंगावरची ही तपकिरी गोचीड मुंबईच्या दमट घरात बाराही महिने सुखाने नांदते. पोट भरलेली मादी खाली गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, सोफ्याच्या शिवणीत, दाराच्या चौकटीत हजारोंनी अंडी घालते. म्हणून कानातल्या गोचिडी वेचून प्रश्न सुटत नाही. तेव्हापासून गोचीडनाशकाची मात्रा दर महिन्याच्या एक तारखेला, गॅसच्या बिलासारखी. आणि रविवारी सकाळी पाच मिनिटे हिरड्या, कान, बोटांच्या बेचक्या, वजन आणि गाढ झोपेतले श्वास घड्याळ लावून पाहतो. मिनिटाला तीसच्या वर सतत जाऊ लागले तर डॉक्टरांना फोन करायचा, एवढे मला ठाऊक आहे.

प्रेमाने घातलेल्या घासाचीही तीच गोष्ट. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे आईने ठमीला वेचून घातले, कारण 'प्रसाद आहे'. द्राक्षे आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करतात, आणि कोणत्या कुत्र्याची ते आधी सांगता येत नाही. त्या दुपारी डॉक्टरांनी ठमीला उलटी करवली आणि दोन दिवस सलाइन लावले. कांदा, लसूण आणि चॉकलेट हेही कुत्र्याला वर्ज्य पदार्थांच्या यादीत आहेत. तळमजल्यावरच्या ब्रुनो नावाच्या लॅब्रॅडॉरचे दुखणे निराळे. तो सर्वांकडे अशा केविलवाण्या नजरेने पाहतो की येणारा-जाणारा प्रत्येकजण त्याला बिस्किट देतो आणि तो आता जिन्याच्या तीन पायऱ्या चढून बसकण मारतो. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये असे आढळले की तपासलेल्या लॅब्रॅडॉरांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्शात पोट भरल्याची जाणीव मंद करणारा एक जनुकीय बदल असतो. तेव्हा ब्रुनोची भूक खोटी नाही, उपासमार मात्र खोटी आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांची जोड्या लावून जन्मभर पाहणी झाली आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी अन्न दिले गेले. कमी खाणारे सरासरी १.८ वर्षे अधिक जगले. हे आईला सांगितल्यापासून ती पोळीचा चतकोरच देते, पण त्याचे आठ तुकडे करून आठ वेळा देते. ठमीच्या लेखी तो आठ पोळ्यांचा सन्मान असावा.

फिरायला नेण्याबाबत मात्र मी स्वतःच सर्वांत मोठा अपराधी होतो. सकाळी साडेसहाला वीस मिनिटे, हनुमान रोडपर्यंत आणि परत, असा माझा खाक्या होता. ठमी दर दहा पावलांवर थांबे आणि मी ओढे. तिला 'फिरवून आणणे' म्हणजे तिचे पाय चालवणे, अशी माझी समजूत होती. पार्ल्यात वाढलेल्या माणसाला तरी नाकाचे मोल कळायला हवे होते. आमच्या लहानपणी दुपारी वारा फिरला की पार्ले बिस्किटांच्या कारखान्याचा वास वर्गात येई आणि शिक्षकांसकट सगळ्यांचे लक्ष उडे. २०१६ मध्ये तो कारखाना बंद झाला आणि माझ्या नाकाला उपनगराचा नकाशा उरला नाही. ठमीजवळ तो आहे. कुत्रा हुंगताना सेकंदाला सुमारे पाच वेळा श्वास आत-बाहेर करतो आणि सोडलेली हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे जाते, म्हणजे समोरचा वास विस्कटत नाही. फाटकाजवळचा गुलमोहर, कोळिणीच्या पाटीखालून ठिबकलेल्या पाण्याची रेघ, दूधवाल्याच्या सायकलचे मागचे चाक या ठिकाणी ती प्रत्येकी दोन-दोन मिनिटे थांबते. चाकाला ती आधी खालून, मग आऱ्यांतून, मग पलीकडच्या बाजूने जाऊन हुंगते. चष्मा कपाळावर चढवून बारीक टाइप वाचणाऱ्या म्हाताऱ्याची जी तल्लीनता असते, तीच.

शार्लोट द्युरांतों आणि होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये याच हुंगण्याची परीक्षा घेतली. कुत्र्यांना आधी शिकवले की अमुक जागी ठेवलेल्या भांड्यात नेहमी खाऊ असतो आणि तमुक जागच्या भांड्यात कधीच नसतो. मग भांडे दोन्हींच्या मधोमध ठेवले. त्यात खाऊ असेल की नसेल, हे ठरवायला काही आधार नाही. जो आशा धरेल तो चटकन धावेल. त्यानंतर दोन आठवडे काही कुत्र्यांनी रोज वास घेत शोधण्याचे खेळ खेळले, बाकीच्यांनी मालकाच्या टाचेशी चालण्याचा सराव केला. पुन्हा मधोमधचे भांडे ठेवले, तेव्हा हुंगणारे पूर्वीपेक्षा लवकर तिकडे गेले. टाचेशी चालणाऱ्यांत फरक पडला नव्हता. कुत्र्याच्या आनंदाविषयी मी जे काही वाचले आहे, त्यात मला हे सर्वांत विश्वसनीय वाटते, कारण त्यात कुत्र्याच्या चेहऱ्यावरून काहीही ओळखायचे नाही.

आता सकाळचा पट्टा लांब आहे आणि रस्ता ठमी ठरवते. वीस मिनिटांत आम्ही कधी कधी फक्त बाजूच्या इमारतीपर्यंत पोचतो. सोसायटीचे सचिव एकदा विचारते झाले, "काय, कुत्रं बिघडलं का?"

तिला चप्पल चावल्याबद्दल शेवटचे कधी रागावलो, ते आठवत नाही. आम्ही चपला कपाटात ठेवू लागलो, बाहेर जाताना जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत चणे दडवून तिला देऊ लागलो आणि परतल्यावर काही फाटलेले दिसले तर न बोलता केर काढू लागलो. गेल्या महिन्यात दादरला एक लग्न होते. आईसुद्धा आली होती, मिरवणुकीत गाडी अडकली आणि परतायला पाच तास झाले. दार उघडले तर हॉलभर कापूस होता. आईचा पाठीमागे घ्यायचा लोड, तिच्या माहेरचा, उसवून रिकामा झालेला होता. कुत्रा मालकाला पाहून शेपूट किंचित उजवीकडे अधिक हलवतो, असे इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये नोंदवले आहे. मी नीट पाहायचे ठरवले होते, पण ठमीचे कमरेपासून मागचे सगळे अंगच हलत होते. मिशांना कापूस लागलेला, तोंडात लोडाच्या खोळीची चिंधी, कान पुढे. चिंधी आईच्या पायांवर टाकून ती मागे सरली आणि पुढचे पंजे पसरून खेळायला वाकली.

आई चपला काढत तशीच उभी राहिली. "अरे," ती म्हणाली, "हिला मेलीला काही लाजच उरली नाही."